देहयष्टी : दहापैकी दोन

१४ जून

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघा वाकत नाही म्हणून उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घे.

बातमी मोठी आहे. तुझा भाऊ शिक्षणखात्याच्या कागदावर छापून आला. म्हणजे नाव छापलेलं नाही, 'तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली' एवढंच छापलंय, पण ते तज्ज्ञ म्हणजे मी एकटाच. एकोणीस वर्षं मी मैदानावर शिट्टी फुंकतोय. गणिताच्या बाईंना शिक्षकखोलीत खुर्ची आणि मला दाराजवळचं स्टूल. का, तर खेळाच्या तासाचे गुण कसे देता असं कुणी विचारलं की मी सांगायचो, बघून. मागच्या वर्षी मुख्याध्यापिका चारचौघांत म्हणाल्या की बघून देतात ती भीक, गुण मोजून द्यायचे असतात. ते फार लागलं मला.

तीन महिने बसून तक्ता केला. शंभर गुण. धावणं, उड्या आणि लवचिकता प्रत्येकी वीस. गणवेश पंधरा. उत्साह पंधरा, आणि तो मोजायची युक्ती माझी स्वतःची आहे. पोराने मैदानाच्या त्या टोकाला उभं राहून 'हजर सर' म्हणायचं. फाटकापाशी ऐकू आलं तर पूर्ण गुण, पाण्याच्या टाकीपाशी ऐकू आलं तर निम्मे. शेवटी देहयष्टी दहा. कंबरेला उंचीने भागायचं, उत्तर कुठल्या चौकटीत बसतं ते बघायचं आणि गुण टाकायचे. कुणाला शंका नको म्हणून आकडा मोठ्याने पुकारायचा. महिन्याच्या शेवटी सगळी नावं क्रमाने फलकावर लावायची. त्याचं नाव मी 'प्रेरणा फलक' ठेवलंय. तळाच्या पोरांना वरच्यांकडे बघून प्रेरणा मिळेल, असा हेतू.

यंदापासून खात्याच्या सगळ्या शाळांत तो लागू झालाय, म्हणजे टिकलीच्याही. तिला सायकल मी शिकवलीय, तेव्हा तिचा क्रमांक काय येतो ते ताबडतोब कळव. भाचीमुळे मामाची मान ताठ झाली पाहिजे. भावोजींचं जहाज सध्या कुठे आहे?

तुझा,
बंड्या

ता. क. मुख्याध्यापिकांनी मला खुर्ची दिली. एक पाय डुगडुगतो, पण खुर्ची आहे.


११ जुलै

चि. बंड्यास आशीर्वाद.

खुर्ची मिळाली, आनंद झाला. पायाखाली पुठ्ठा दुमडून घाल, डुगडुगणार नाही. भावोजी मार्चपर्यंत येत नाहीत.

दुकानात गणवेशांची गर्दी आहे. तुझ्या तक्त्यात गणवेशाला पंधरा गुण आहेत म्हणून सगळ्यांना गणवेश अंगाला चापूनचोपून हवाय. मी सांगते, वाढतं अंग आहे, शिवणीत थोडी माया सोडू द्या. ऐकत नाहीत.

तुला एक विचारायचं आहे. माझ्या एका गिऱ्हाईकाची मुलगी आहे, सहावीतली. चपळ पोरगी. शिवलेले कपडे घरोघर पोचवते, चार जिने चढून वर जाते आणि वरूनच मला हाक मारते. हाडापेराने जरा थोराड आहे, पण ते तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत तुझा तक्ता आला. सरांनी टेप लावली, मॉनिटरने आकडा मैदानभर पुकारला. देहयष्टी दहापैकी दोन. धावण्यात अठरा मिळालेत तिला, ते कुणाच्या लक्षात नाही. फलकावर शेवटून चौथी आहे. आता पोरी तिला 'दोन' म्हणतात. कपडे पोचवायला जात नाही, गणवेशावरून भर उकाड्यात स्वेटर घालते, आणि खेळाच्या तासाला नेमकं तिचं पोट दुखतं.

तुला ठाऊक आहे, माझ्या दुकानात माप मोठ्याने बोलायचं नाही अशी रीत आहे. टेपवर मी अंगठा ठेवते, टिकली वाकून बघते आणि वहीत लिहिते. अख्ख्या गल्लीच्या कंबरा तिला पाठ आहेत, पण तिने आजवर एक आकडा तोंडातून काढलेला नाही. तुझ्या तक्त्यात असं काही करता येणार नाही का?

त्या मुलीच्या आईने काय करावं ते लिही. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. टिकली बरी आहे. अभ्यासात आहे.

ताई


१८ जुलै

ती. ताई,

तुझं पत्र वाचून मला जरा हसू आलं. तक्ता लागू होऊन जेमतेम महिना झाला तोच परिणाम दिसू लागला. ती मुलगी अस्वस्थ आहे ना? म्हणजे प्रेरणा कामाला लागली.

त्या बाईला माझ्याकडून स्पष्ट सांग, लाड पुरे. डबा अर्धा करा. रोज सकाळी पोरीला आरशापुढे उभं करा आणि तिला तिचा आकडा म्हणायला लावा. पोट दुखतं म्हणाली तरी मैदानावर पाठवाच. एकोणीस वर्षांत अशा पुष्कळ मुली पाहिल्यात मी. मुळात आळशी असतात, गोड बोलून आईला गुंडाळतात, आणि आया गुंडाळून घेतात. रडली तर रडू दे. लाज वाटल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही. माझ्या वर्गात एक जाडा पोरगा आहे, त्याला मी 'इंजिन' म्हणतो. सगळे हसतात, तोसुद्धा हसतो. काही बिघडलं नाही त्याचं.

आकडा हळू बोलायचं म्हणशील तर ते तुझ्या दुकानात ठीक आहे. तिथे कापडाने माणसाच्या मापाचं व्हायचं असतं. शाळेत उलटं असतं.

टिकलीचे गुण मात्र तू लिहिलेच नाहीस. नजर लागेल म्हणून लपवतेस की काय?

बंड्या

ता. क. तू दुकानाच्या पत्त्यावर लिहायला सांगितलं होतंस, पण मी तुझ्या घरच्या पत्त्याची सहा पाकिटं एकदम तयार करून ठेवतो. त्यातलंच एक वापरतोय. तू नेशीलच दुकानात.


२ ऑगस्ट

बंड्या,

गिऱ्हाईक वगैरे कुणी नव्हतं. ती टिकली आहे.

तू तक्त्याचं एवढं कौतुकाने लिहिलं होतंस की तुझ्या भाचीलाच त्यात दोन मिळाले हे लिहायला माझा हात धजेना. म्हणून गिऱ्हाईक काढलं. तो माझा दोष, आणि तो मी कबूल करते. घरी पत्र पाठवू नको म्हटलं, कारण तुझी पत्रं आपल्याकडे टिकलीच वाचते. मी मशीनवर असते, ती शेजारी स्टुलावर बसून मोठ्याने वाचते, मध्येच तुझी नक्कल करते आणि आम्ही दोघी हसतो. चार वर्षं असंच चाललंय. या वेळी मी दुकानात असताना पत्र घरी आलं आणि तिने ते एकटीने वाचलं. चार जिने, स्वेटर, दोन. ओळखायला कितीसा वेळ लागणार?

मला ती एक अक्षर बोलली नाही. पत्र घडी करून मशीनच्या खणात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून तिने तुझा सल्ला पाळला, फक्त तू अर्धा डबा सांगितला होतास आणि तिने पूर्ण टाकायला सुरुवात केली. मैत्रिणीला देऊन टाकायची आणि मला रिकामा डबा दाखवायची. मी खूश होते, पोर जेवतेय म्हणून. असे नऊ दिवस गेले. गुरुवारी धावण्याच्या चाचणीत दुसऱ्या फेरीला ती खाली बसली ती उठलीच नाही. तिला उचलून नेलं, तोवर सरांनी तुझ्या तक्त्यात उत्साहापुढे शून्य लिहून ठेवलं होतं. 'हजर सर' म्हणाली नव्हती ना.

डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, खाऊ घाला. दोन दिवस अंथरुणात होती. तेव्हा खण उघडून मी पत्र वाचलं. तिच्या उशाशी बसून म्हटलं, अगं, मामाला ठाऊक नव्हतं ती तू आहेस ते. तर म्हणाली, "ठाऊक असतं तर खोटं लिहिलं असतं ना? मग हेच खरं."

आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी आजवर हजारदा वापरली असेल. बारा वर्षांची पोर मला ती न म्हणता शिकवून गेली. तुझ्यावर मी फार चिडले आहे. हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे, तेव्हा यातले शब्द सौम्य समज.

ताई


६ ऑगस्ट

ताई,

काय लिहू? पत्र हातात घेऊन मैदानावरच बसलो. पोरं विचारायला लागली, सर, गुडघा का? हो म्हटलं.

टिकलीला दोन पत्रं लिहिली, दोन्ही फाडली. पहिल्यात मी तिची समजूत घालत होतो आणि दुसऱ्यात माझी.

काल वर्गात दार लावून टेप स्वतःच्या कंबरेला लावली. देहयष्टी दहापैकी तीन. मग 'इंजिन'ला बाजूला घेतलं आणि विचारलं, बाळा, मी तुला अशी हाक मारतो त्याचं तुला वाईट वाटतं का रे? तो छाती काढून केवढ्याने तरी म्हणाला, "नाही सर." फाटकापर्यंत ऐकू गेलं असेल. पंधरापैकी पंधरा. ताई, मला तिथेच रडू आलं.

तक्ता मी मागे घेतो. आजच खात्याकडे अर्ज केला आहे. टिकलीला सांग, नाहीतर नको सांगूस. जेवते का ते मात्र लिही.

बंड्या


२९ सप्टेंबर

ती. ताई,

सात आठवड्यांनी खात्याचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो: 'सदर तक्ता तज्ज्ञांनी तयार केलेला असल्याने तो तज्ज्ञांनीच मागे घेणे इष्ट. अर्जदाराची तज्ज्ञ म्हणून या कार्यालयात नोंद आढळत नाही.' मी स्वतः गेलो. तिथले साहेब सज्जन आहेत, पाणी दिलं. म्हणाले, तुम्ही केलात हे आम्हाला ठाऊक आहे हो, पण कागदाला ठाऊक नाही.

तेव्हा मी दुसरा मार्ग काढला, आणि ऐकून तुला बरं वाटेल. आमच्या शाळेतल्या चारशे बारा पोरांच्या देहयष्टीपुढे मी दहापैकी दहा लिहून टाकले. टेप कपाटात. एकाही पोराच्या कंबरेला हात लावला नाही. कंबरेचे आकडे उलट गणित करून घरी बसून भरले, म्हणजे कुणाला संशय नको. फलकावर सगळे वरच्या रांगेत. 'इंजिन'ला मी आता त्याच्या नावाने हाक मारतो. पहिल्यांदा मारली तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय असं वाटलं त्याला.

दोन महिने झाले, टिकलीची एक ओळ नाही. हक्क नाही मागायचा, पण वाट बघतो.

बंड्या


२० नोव्हेंबर

बंड्या,

तुझा मार्ग आमच्या शाळेपर्यंत येऊन पोचला, तो कसा ते ऐक.

तीन आठवड्यांपूर्वी पालकांना सूचना आली. एका शाळेत हा तक्ता वापरल्याने एका सत्रात झाडून सगळ्या मुलांची देहयष्टी आदर्श झाली. चारशे बारापैकी चारशे बारा. हे यश बघून खात्याने देहयष्टीचे गुण दहाचे पंचवीस केले, उत्साहाचे पंधरा त्यात घातले, आणि सत्रातून एकदा होणारं मोजमाप आता दर सोमवारी करायचं ठरवलं. शाळेचं नाव वाचलं आणि मी कात्री खाली ठेवली. तुला पोरांवर दया आली आणि आमच्या पोरी आगीतून फुफाट्यात पडल्या.

टिकली रविवारी दुपारपासून गप्प होते. सोमवारी सकाळी पाणीसुद्धा पीत नाही, पोट फुगेल म्हणून. डबा अर्धा खाते, तोही घरी आल्यावर मी समोर बसले तर. मागच्या सोमवारी कंबरेचा आकडा दोनाने कमी भरला म्हणून सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. पोर घरी येऊन हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा हसली आणि मला त्या हसण्याची भीती वाटली.

चांगुलपणा गुपचूप करायचा असतो म्हणतात, पण खोटा आकडा गुपचूप बसत नाही रे. मी दुकानात एखाद्या बाईचं माप तिला बरं वाटावं म्हणून कमी लिहिलं, तर ब्लाउज तिच्या अंगात जाईल का? आणि तो अंगात गेला नाही तर दोष कुणाला लागेल? तिच्या अंगालाच ना?

तुझा सत्कार आहे म्हणे पुढच्या महिन्यात. ऐकलं. काय करायचं ते तू ठरव. मी थकले.

ताई


१२ डिसेंबर

चि. टिकलीस,

हे पत्र तुझ्या नावाने आहे. वाटलं तर वाच, नाहीतर ठेव बाजूला.

मागच्या आठवड्यात माझा सत्कार झाला. मोठं सभागृह, मागे तक्त्याचं दारापेक्षा मोठं चित्र, आणि मला मधली खुर्ची. तिचे चारही पाय भक्कम होते. साहेबांनी माझी ओळख 'तज्ज्ञ' म्हणून करून दिली. कागदाला शेवटी ठाऊक झालं. मग मला बोलायला उभं केलं. भाषण मी खिशात आणलं होतं, पण ते तिथेच राहू दिलं. नुसतंच बोललो.

म्हटलं, "हे आकडे खोटे आहेत. मी एकाही मुलाला मोजलेलं नाही. खरे आकडे पुकारले तेव्हा एक मुलगी जेवायची थांबली. तक्ता मी केलाय आणि तज्ज्ञ म्हणून तो आत्ता मागे घेतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमपत्रिकेत मनोगतानंतर टाळ्या असतातच. मी तेच पुन्हा एकदा म्हटलं, तेव्हा थांबल्या. साहेबांनी पदक माझ्या गळ्यात घातलं होतं, ते हळूच काढून घेतलं.

माझ्यावर आता चौकशी आहे, खोट्या नोंदी केल्याबद्दल. नोकरी टिकेल की नाही ठाऊक नाही. ती संपेपर्यंत मैदानावर जायचं नाही आणि शिट्टी जमा करायची असा हुकूम आला. देहयष्टीचा रकाना आणि सोमवारचं मोजमापही चौकशीपर्यंत बंद ठेवलंय. तक्ता पुरता रद्द झाला असं मी तुला सांगणार नाही, कारण तो झालेला नाही.

टिकली, मी तुला आळशी म्हटलं. अर्धा डबा खा म्हटलं. ते वाचून तू जे केलंस ते माझ्यामुळे केलंस. मला ठाऊक नव्हतं की ती मुलगी तू आहेस, पण ते कारण सांगून मी सुटायला बघत नाही. माझं चुकलं. मला फार वाईट वाटतं, आणि तुझी फार आठवण येते.

आता मी काही सल्ला देत नाही.

मामा


२७ डिसेंबर

मामा,

तुझं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. नक्कल केली नाही. आईने मशीन थांबवलं नाही, पण दोरा दोनदा तुटला.

मला तुझा राग आलेला आहे आणि तो अजून गेलेला नाही. आई म्हणते, नसेल गेला तर तसंच लिही, म्हणून लिहिते. तू लिहिलंस की ती मुलगी मी आहे हे तुला ठाऊक नव्हतं. पण मामा, ती गिऱ्हाईकाची मुलगी खरीच असती तर? ती पण घरी रिकामा डबाच नेत असती ना? तिला तू पत्र लिहिलं असतंस का? आमच्या वर्गात अशा आणखी पाच जणी आहेत. त्यांना कुणीच मामा नाही. म्हणजे असतील, पण त्यांनी तक्ता केलेला नाही.

तुझ्या सभागृहाची बातमी आमच्या शाळेत पोचली. ज्या पोरी मला 'दोन' म्हणायच्या त्यातल्या एकीने विचारलं, तो तुझा मामा का गं? मी हो म्हटलं. फलक अजून आहे. नावं पुसायचा हुकूम आलेला नाही, म्हणून ती तशीच आहेत. मी शेवटून तिसरी आहे.

सोमवारी आमचे सर मैदानावर आले आणि नुसते उभे राहिले. टेप नाही, वही नाही, हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. मग आत गेले आणि एक चेंडू घेऊन आले. म्हणाले, "खेळा." आम्ही विचारलं, सर, किती वेळ आणि गुण कशाला? ते म्हणाले, मला काही सांगितलेलं नाही. मग आम्ही खेळलो. मी खूप पळाले. घंटा झाली तरी कुणी आत गेलं नाही आणि सर पण ओरडले नाहीत.

नंतर घरी येऊन मी सगळा डबा खाल्ला. तू माफी मागितलीस म्हणून नाही, आणि आई समोर बसली होती म्हणून पण नाही. मला भूक लागली होती.

टिकली